उंची डब्यात येत नाही

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता, या वीकांताला वेळ मिळाला म्हणून लिहितोय. कुठल्याही सुपरमार्केटमध्ये जा, एक अख्खी फळी चॉकलेटी पावडरींच्या डब्यांनी भरलेली असते. डब्यावर उंच होत चाललेला मुलगा, शेजारी मोजपट्टी, आणि कुठेतरी ठळक अक्षरात 'कॅल्शियम'. आईबाप तो डबा ट्रॉलीत टाकतात तेव्हा त्यांच्या डोक्यातलं गणित साधं असतं. हाड कॅल्शियमचं बनतं, कॅल्शियम जास्त घातलं की हाड जास्त होईल, हाड जास्त झालं की पोरगं उंच होईल. थोडक्यात काय, विटा आणून टाका, गवंडी मजले चढवेल.

हे गणित थोडंफार चुकत असतं तर मी लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. पण ते मुळातच चुकतं, आणि त्याची खरी किंमत पैशात नाही, वर्षांत मोजावी लागते. पोटभर जेवणाऱ्या घरातल्या मुलाची उंची हा मालाचा प्रश्न फार क्वचित असतो. तो निरोपांचा प्रश्न असतो. कोणी कोणाला सांगितलं की वाढ, आणि कधी सांगितलं की आता बास.

आधी कॅल्शियमचंच बघू. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत, उरलेलं एक टक्का रक्तात आणि बाकीच्या पेशींत. आपल्याला वाटतं ९९ टक्के महत्त्वाचे. शरीराला तसं वाटत नाही. त्याचा सगळा जीव त्या एका टक्क्यात अडकलेला असतो.

का, ते सिडनी रिंगर नावाच्या लंडनच्या डॉक्टरला १८८२-८३ मध्ये जवळजवळ अपघातानेच कळलं. तो बेडकाचं हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात धडधडतं ठेवायचे प्रयोग करत होता. हृदय मस्त चालत होतं. मग लक्षात आलं की द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात न करता चक्क नळाच्या पाण्यात केलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय मंदावून थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हा तो फरक होता. ('माझ्या मशीनवर तर चालत होतं' या आपल्या वाक्याला केवढी जुनी परंपरा आहे बघा :-) )

गंमत अशी की पेशीच्या बाहेर जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्साच आत असतो. पेशी सतत पंप मारून ते बाहेर फेकत राहते. मग गरज पडली की दार क्षणभर किलकिलं करायचं, आत लोंढा येतो, आणि तो लोंढा हाच निरोप. स्नायू आकसतो, मज्जातंतू पुढच्याला खबर देतो, ग्रंथी आपलं हार्मोन सोडते. आता ही यंत्रणा चालायची तर बाहेरची पातळी जवळपास स्थिर हवी. म्हणून रक्तातलं कॅल्शियम १०० मिलिलिटरला साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवलं जातं. खाली गेलं तर पेटके, झटके. वर गेलं तर मुतखडे, गोंधळलेलं डोकं, बिघडलेली हृदयाची लय.

हा पट्टा राखायचं काम गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथींकडे आहे. थायरॉइडच्या मागे, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढ्या. नाव पॅराथायरॉइड. त्या सगळ्यात आधी सापडल्या त्या माणसात नव्हे, गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला, त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेनला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८८० मध्ये छापलं, आणि त्या वेळी कोणी फारसं ढुंकूनही पाहिलं नाही. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम मोजणारा जो संवेदक असतो, तो तर थेट १९९३ मध्ये हाती लागला.

रक्तातलं कॅल्शियम जरासं घसरलं की काही मिनिटांत पॅराथायरॉइड हार्मोन सुटतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम अडव. त्याच मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार करून घेतं, म्हणजे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम ओढेल. आणि हाडाला सांगतं, थोडं परत दे. इथे एक मजेशीर खाचखळगा आहे. हा निरोप हाड खाणाऱ्या पेशींना थेट ऐकूच येत नाही. तो जातो हाड बांधणाऱ्यांकडे, आणि तेच मग खाणाऱ्यांना हाक मारतात. म्हणजे तोडायचं कंत्राटसुद्धा बांधकामवाल्याच्या सहीने निघतं.

आता यात वरून जादा कॅल्शियम ओतलं तर काय होईल? हार्मोन कमी होतं, आतडं कमी शोषतं, मूत्रपिंड जास्त बाहेर टाकतं. हिशोब पुन्हा जुळतो. थर्मोस्टॅट लावलेल्या खोलीत शेगडी आणून ठेवल्यासारखं आहे ते. एसी जास्त चालेल, खोली तेवढीच राहील. रोजची गरज भरून निघणं वेगळं, आणि भरलेल्या भांड्यात ओतत राहणं वेगळं. डब्यावरचं चित्र हे दोन्ही एकच असल्यासारखं भासवतं.

बरं, उंची वाढते कुठे? इथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण ती हाडात वाढतच नाही, कूर्चेत वाढते. मांडीच्या, पायाच्या, हाताच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यात पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. वरच्या बाजूला राखीव पेशी, मग भराभर विभागणाऱ्या, आणि मग विभागणं थांबवून टम्म फुगणाऱ्या. लांबीतली बरीचशी भर या फुगण्यातून पडते. फुगलेल्या पेशींच्या भोवतालच्या गाभ्यात क्षार बसतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि त्या जागी हाड तयार होतं. म्हणजे कॅल्शियम येतं ते सगळ्यात शेवटी, लांबी ठरून गेल्यावर. सेंटरिंग केव्हाच लागलेलं असतं, नंतर त्यात काँक्रीट पडतं.

विभागायचं कधीपर्यंत आणि फुगायचं कधी, हा खरा निर्णय. घाई झाली तर चवड लवकर संपते. उशीर झाला तर विभागत राहणार, लांबी पडणारच नाही. १९९६ मध्ये या निर्णयाचं सर्किट उलगडलं. फुगण्याच्या बेतात असलेल्या पेशी 'इंडियन हेजहॉग' नावाचं प्रथिन सोडतात. (आधी फळमाशीत 'हेजहॉग' जनुक सापडलं, कारण ते बिघडलं की अळी काटेरी दिसायची. मग तिची भावंडं सापडली, त्यातल्या एकाला आपल्याकडच्या काटेरी प्राण्याचं नाव मिळालं. देशाभिमान तेवढ्यापुरता ठेवावा.) तर हे हेजहॉग वरच्या पेशींना सांगतं की तुमचा निरोप सोडा. त्या जे प्रथिन सोडतात त्याचं लघुनाव पीटीएचआरपी. ते खाली झिरपतं आणि विभागणाऱ्या पेशींना म्हणतं, थांबा, इतक्यात फुगू नका. जी पेशी ढकलली जाऊन या हाकेच्या टप्प्याबाहेर जाते ती फुगायला लागते, आणि फुगता फुगता स्वतः हेजहॉग सोडते. वर्तुळ पूर्ण. आमच्या धंद्यात असा फीडबॅक लूप कोणी इतक्या कमी भागांत बांधून दाखवला तर त्याचं दोन वर्षं कौतुक चालेल.

आणि आता दोन्ही गोष्टी जिथे जुळतात ती जागा. पीटीएचआरपी या नावातला 'पीटीएच' म्हणजे तेच गळ्यातलं पॅराथायरॉइड हार्मोन, रक्तातलं कॅल्शियम राखणारं. पीटीएचआरपी त्याचा चुलतभाऊ. तो १९८७ मध्ये सापडला तो कर्करोगाच्या गाठींत, काही रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम अचानक का चढतं हे शोधताना. आणि दोघं एकाच ग्राहीत बसतात, एकाच सॉकेटमध्ये दोन प्लग. याचा रोखठोक पुरावा १९९५ मध्ये मिळाला. यान्सेनचा आजार म्हणून एक अत्यंत दुर्मिळ विकार आहे. त्यात हा ग्राही हार्मोन नसतानाही 'चालू' अवस्थेत अडकतो. या मुलांच्या रक्तात कॅल्शियम भरपूर असतं, सतत चढलेलं असतं. आणि हातपाय आखूड राहतात, कारण ग्रोथ प्लेटमधल्या पेशींना 'फुगू नका' हा निरोप अखंड ऐकू येत राहतो. भरपूर कॅल्शियम आणि कमी उंची, एकाच शरीरात. डब्यावरच्या गणिताला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

फुगण्याला आणि विभागण्याला ब्रेक लावणारी दुसरी एक तार आहे, तिच्या जनुकातला एक बदल बुटकेपणाच्या सगळ्यात नेहमीच्या आनुवंशिक प्रकारामागे, म्हणजे अॅकॉन्ड्रोप्लेजियामागे आहे, हे १९९४ मध्ये कळलं. २०२१ मध्ये त्यावर व्होसोरिटाइड हे पहिलं औषध मंजूर झालं. ते काय करतं? कुठलाही कच्चा माल पुरवत नाही. ब्रेकवरचा पाय थोडा उचलतं, बस्स.

वेग पिट्युटरीच्या ग्रोथ हार्मोनकडून येतो, ते मुख्यतः गाढ झोपेत, झटक्याझटक्यांनी सुटतं आणि बरंचसं काम आयजीएफ-१ या दुसऱ्या निरोप्याकडून करून घेतं. आणि दार बंद करतं इस्ट्रोजेन. मुलींचंच नाही, मुलग्यांचंही! १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा ग्राहीच निकामी होता. उंची २०४ सेंटीमीटर, ग्रोथ प्लेट अजून उघड्या, हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाचं, आणि गडी अजून वाढतच होता. पुरुषी हार्मोन व्यवस्थित असून. तोवर पाठ्यपुस्तकं मुलांच्या बाबतीत सगळं श्रेय टेस्टोस्टेरॉनला देत होती. प्रत्यक्षात त्यातल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेन होतं आणि तेच कुलूप लावतं.

म्हणजे शेवटची उंची ठरते वेग किती आणि दार कधी बंद होतं यावर. ही दुसरी गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. इयत्ता सातवीत सगळ्यात उंच असलेला मुलगा दहावीत मध्यम निघतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याची गाडी लवकर सुटलेली असते एवढंच.

याच संदर्भात मला गांबियातली चाचणी विलक्षण वाटते. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात जेवणातलं कॅल्शियम फार कमी असतं. तिथल्या ८ ते १२ वर्षांच्या १६० मुलामुलींपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आणि पुढे कितीतरी वर्षं मोजत राहिले. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले. मुलींत काही फरक नाही. मुलग्यांत मात्र वाढीचा झपाट्याचा काळ सात महिने लवकर आला. साडेपंधराव्या वर्षी गोळ्या घेतलेले मुलगे दोन सेंटीमीटरने उंच होते. (इथेच थांबून जाहिरात करता आली असती!) साडेतेविसाव्या वर्षी मोजलं तर तेच साडेतीन सेंटीमीटरने बुटके निघाले. गाडी लवकर सुटली आणि लवकर पोचली. एका छोट्या चाचणीवर इमले बांधू नयेत, आणि यावरून कोणी पोराचं दूध बंद करायचं तर अजिबात कारण नाही. पण कॅल्शियम ही निमूट पडून राहणारी वीट असती तर असलं काही घडलंच नसतं.

आता कोणीतरी विचारेल की मग खाण्यापिण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि भरपूर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. महाराष्ट्राचा आकडाही त्याच्याच आसपास. तिथे अन्नच कमी पडतं, आजारपणं सतत असतात. पण तिथेसुद्धा शरीर विटा संपल्या म्हणून थांबत नाही. उपासमारीत आयजीएफ-१ घसरतं, म्हणजे शरीर स्वतःच ठरवतं की सध्या जगणं महत्त्वाचं, वाढणं नंतर बघू. त्या मुलांना पुरेसं जेवण, अंडी, डाळ, स्वच्छ पाणी हवं. चॉकलेटी साखर नको. आणि ते डबे त्यांच्यापर्यंत पोचतही नाहीत, ते पोचतात आपल्यासारख्यांच्या घरात.

मुडदूस घ्या. हा रोग म्हणजे कूर्चेत पेशी फुगतात, पण त्यात क्षार बसतच नाहीत, मग पाय वाकतात. कारण बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाची, म्हणजे उन्हाची कमतरता. यावरचा एक जुना अभ्यास आपल्या नाशिक भागातला आहे, हचिसन आणि शाह यांचा, १९२२ मधला. त्यांना गरीब, उन्हात राबणाऱ्या घरांतली मुलं साधं खाऊनही ठीक दिसली, आणि मुडदूस दिसला तो बायकामुलांना पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत ठेवणाऱ्या खात्यापित्या घरांत. शंभर वर्षांनी आपण पडदा बदलला, आता तो काचेचा असतो आणि आत एसी. काचेतून ऊन दिसतं, पण त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. पोरं शाळेच्या बसमधून क्लासला, क्लासहून स्क्रीनसमोर. आपणही हापिसात तेच करतो, पण आपल्या ग्रोथ प्लेट तरी बंद झाल्यात.

डब्यावाल्यांना कोणी अडवत नाही असंही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. फळी तीच राहिली, पाटी बदलली.

डब्याची पुढची पायरी मात्र जास्त गंभीर आहे, ती म्हणजे ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं. ज्याला खरोखर या हार्मोनची कमतरता आहे त्याला ती लवकरात लवकर मिळायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण २००३ मध्ये अमेरिकेत, काहीही आजार नसलेल्या पण सगळ्यात बुटक्या १.२ टक्के मुलांसाठीही ती मंजूर झाली, आणि तेव्हापासून 'नॉर्मल, पण जरा उंच हवा' या मागणीला तोंड फुटलं. कितीतरी वर्षं, रोज टोचून, मिळणारे काही सेंटीमीटर. माझं मत स्पष्ट आहे, निरोगी पोराला हे करू नये. लग्नाच्या जाहिरातीतला 'उंची ५-८' हा रकाना काही रोग नाही. याच हार्मोनचा इतिहासही लक्षात ठेवावा. पूर्वी ते मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि १९८५ मध्ये तो प्रकार थांबवावा लागला. आजचं औषध प्रयोगशाळेत बनतं, तो धोका आता नाही. पण वाढीशी खेळताना जी नम्रता लागते ती तिथून शिकण्यासारखी आहे.

सगळ्यात चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. एखाद्या मुलीची वाढ खरोखरच अडलेली असते. थायरॉइड मंद असतं, किंवा गव्हातलं ग्लूटेन पचत नसतं, किंवा ग्रोथ हार्मोन कमी असतं. थायरॉइडची गोळी तर किती स्वस्त. पण घरचे म्हणतात, 'आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात', आणि डबा आणतात. एक संपला की दुसरा. तिकडे घड्याळ चालूच असतं. मुलींच्या ग्रोथ प्लेट साधारण चौदा-पंधराला मिटत येतात, मुलग्यांच्या सोळा-सतराला. दार बंद झाल्यावर जगातला कुठलाही निरोप कामाचा नाही, कारण तो ऐकणारी कूर्चाच उरलेली नसते.

करायचं ते अगदी कंटाळवाणं आहे. दर सहा महिन्यांनी उंची मोजायची, तारखेसकट लिहायची आणि तक्त्यावर मांडायची. भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे ५ ते १८ वर्षांचे तक्ते पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेत. एका आकड्याला अर्थ नसतो, रेषेला असतो. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढलं किंवा रेष तक्त्यावरच्या आपल्या पट्ट्यातून खाली घसरायला लागली, तर डब्याच्या फळीकडे न जाता डॉक्टरकडे जायचं. ते डाव्या मनगटाचा एक एक्स-रे काढतील, त्यावरून हाडांचं वय कळतं, म्हणजे दार किती उघडं आहे ते.

मोजताना चपला काढून, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून खूण करायची. आणि दर वेळी दिवसाच्या एकाच सुमाराला. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बुटका भरतो. आधीची खूण संध्याकाळची आणि नंतरची सकाळची असेल तर कुठलीही पावडर गुणकारी ठरते.